दुसऱ्या मजल्याचा कठडा

आमचें बिऱ्हाड सदाशिव पेठेंत तिसऱ्या मजल्यावर आहे, व इमारतीस लिफ्ट नाहीं. पंचवीस वर्षें आम्ही तोच जिना चढत-उतरत आलों. परंतु अलीकडे दोन वर्षांत दुसऱ्या मजल्यावरील नानांशीं आमचा स्नेह एकाएकीं फार वाढला. त्यांच्या दाराशीं कठड्याला टेकून चार शब्द बोलल्यावांचून आम्हांस पुढें जाववेना. नानांचा वडिलोपार्जित जमिनीचा एक दावा चालू आहे. त्यांतील सर्व तारखा आम्हांस तोंडपाठ झाल्या. घरीं येऊन आम्ही म्हणत असूं कीं, नाना बोलतात मोठे रसाळ. वस्तुतः नाना रसाळ मुळींच बोलत नाहींत, व ही गोष्ट आम्हांस पंचवीस वर्षें ठाऊक होती. मग आम्ही तेथें रोज कां थांबत होतों, हें मात्र आम्हीं स्वतःस कधीं विचारलें नाहीं. तें एका मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, आणि त्यांनाही आम्हीं खरें उत्तर दिलें नाहीं.

प्रसंग असा घडला कीं, डाव्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्याचें ठरलें व त्यापूर्वीं प्रकृति तपासून घेण्यास आम्हांस एका रुग्णालयांत पाठविलें. डोळ्याच्या कामासाठीं छाती कशाला तपासावी, असें मनांत म्हणत आम्ही सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. बाईंनीं नळी छातीवर उजव्या बाजूस वर ठेवली, मग खालीं, मग मानेवर, आणि पुन्हां पहिल्या जागीं. पुष्कळ वेळ त्या ऐकत राहिल्या. मानेच्या शिरेवर बोटें ठेवून त्यांनीं नाडीही पाहिली.

‘‘काका, दम लागतो का?’’

‘‘छे!’’

‘‘जिने किती चढतां?’’

‘‘तीन मजले. रोज दोनदां.’’

न्यायालयांत शपथेवर सांगितलें असतें तरी चाललें असतें इतकें हें उत्तर सत्य होतें.

त्या नळीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. 1816 सालीं पॅरिस येथें लाएनेक नांवाच्या वैद्याकडे एक तरुण व स्थूल स्त्री हृदयाच्या विकारासाठीं आली. त्या काळीं वैद्य रोग्याच्या छातीला कानच लावीत. येथें तसें करणें लाएनेकला प्रशस्त वाटेना. म्हणून त्यानें कागदाची गुंडाळी करून तिचें एक टोंक तिच्या छातीस व दुसरें आपल्या कानास लावलें, तों ठोके उघड्या कानानें येत त्याहून स्पष्ट ऐकूं आले. संकोचापासून इतका मोठा लाभ वैद्यकशास्त्रास क्वचितच झाला असेल. आपल्याकडे नाडीपरीक्षेची परंपरा जुनी. शार्ङ्गधर संहितेंत नाडीच्या गतीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिलेली आहे. आमची नाडी यांपैकीं कोणाच्या चालीनें चालत होती कोण जाणे. बाई एवढेंच म्हणाल्या कीं, ती दुबळी आहे आणि फार सावकाश वर येते.

निरोगी हृदयाचे ‘लब्-डब्’ असे जे दोन आवाज येतात ते स्नायूचे नव्हेत, झडपा मिटण्याचे आहेत. हृदयांत अशा चार झडपा असून रक्तानें पुढेंच जावें, मागें येऊं नये, एवढ्यासाठीं त्यांची योजना आहे. दोन आवाजांच्या मध्यें शांतता असावयाची. आमच्या छातींत त्या शांततेच्या जागीं करवत चालल्यासारखी खरखर होती. बाईंनीं नळी आमच्या कानाला लावून ती आम्हांसही ऐकविली. साठ वर्षें ज्यानें बिनतक्रार सोबत केली, त्याचा आवाज आम्ही प्रथमच ऐकत होतों, आणि तो असा!

यापुढें यंत्रांची पाळी आली. हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याचें काम दोनचार मिनिटांचें. हॉलंडांतील लायडन येथें आइंटहोव्हेननें 1903 च्या सुमारास हा आलेख काढण्याचें जें यंत्र सिद्ध केलें त्याला खोली पुरत नसे, व तें चालविण्यास पांच माणसें लागत. 1924 सालीं त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. आतां तें यंत्र पिशवींत मावतें. आमच्या आलेखावरून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली असावी, असा तर्क निघाला.

मग ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र काढण्याची परीक्षा, जिला सर्व लोक ‘टूडी एको’ म्हणतात. तिचें मूळ स्वीडनमधील. धातूच्या आंतल्या भेगा शोधण्याचें एक यंत्र जहाजांच्या कारखान्यांत असे. तें मागून आणून एड्लर व हर्ट्‌झ या दोघांनीं 1953 सालीं लुंड येथें माणसाच्या हृदयावर लावून पाहिलें. अंधाऱ्या खोलींत डाव्या कुशीवर निजून आम्हींही आपलें हृदय पडद्यावर पाहिलें. मुठीएवढा तो गोळा उघडत होता, मिटत होता, आणि आम्ही पाहत आहों याची त्याला कांहींच दखल नव्हती.

या परीक्षेच्या कागदावर एक आंकडा असतो. डाव्या कप्प्यांत जेवढें रक्त भरतें, त्यापैकीं एका ठोक्याला शेंकडा किती बाहेर पडतें, तो हा आंकडा. आमचा 62 आला. आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहेत. ते म्हणाले, ‘‘बाबा, फर्स्ट क्लास!’’ उलट पेठेंत संध्याकाळपर्यंत अशी वार्ता पसरली कीं, आमचें 38 टक्के हृदय निकामी झालें. दोन आप्त तर फळें घेऊन समाचाराला आले. दोन्ही समजुती चुकीच्या. हृदय कधींच रिकामें होत नाहीं. कप्प्यांत सुमारें 120 मिलिलिटर रक्त असलें तर त्यांतील 70-75 बाहेर जातें व बाकीचें राहतें. तेव्हां 55 ते 70 हा आंकडा निरोग्याचाच होय, आणि शंभर गुण येथें कोणासच मिळत नाहींत.

परंतु मौज अशी कीं, हा उत्तम आंकडाच फसवा होता. आमच्या हृदयाच्या महाद्वारावर, म्हणजे जेथून सर्व शरीराला रक्त जातें तेथें, जी झडप आहे तिला तीन पाकळ्या असावयाच्या; आमच्या झडपेला जन्मतःच दोन होत्या. शंभरांत एकदोन माणसें अशीं असतात, व त्यांतल्या अनेकांना तें जन्मभर कळतही नाहीं. अशा झडपेवर वयोमानाप्रमाणें चुना लवकर सांचतो व ती ताठते. पूर्ण उघडली असतां तिचें तोंड 3 ते 4 चौरस सेंटिमीटर असावें, आमचें 0.8 होतें. 1 च्या खालीं गेलें कीं विकार तीव्र समजतात. आतां हें तोंड छाती न उघडतां कसें मोजतात? धरणाची मोरी अर्धवट मिटली तर पाणी फुसांडत बाहेर येतें. त्याच न्यायानें अरुंद झडपेंतून रक्त वेगानें निघतें. निरोगी माणसांत हा वेग सेकंदाला मीटर-दीड मीटरच्या आसपास असतो, आमचा 4.4 मीटर भरला. वेगाचा वर्ग करून चारानें गुणलें कीं झडपेच्या अलीकडील व पलीकडील दाबांतला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरांत मिळतो. आमचा हिशेब 77 झाला. ज्या बर्नुलीच्या 1738 सालच्या ग्रंथावर हें गणित उभें आहे, तो गणितज्ञ वैद्यकाचाही पदवीधर होता, हें वाचून आम्हांस बरें वाटलें.

इतक्या अरुंद दारांतून रक्त ढकलावयाचें म्हणून डाव्या कप्प्यानें आपली भिंत जाड करून घेतली होती. कचेरींत एखादा कारकून दिव्याखालीं रात्र रात्र बसून सर्व काम उरकतो, आणि वहींत पाहावें तों काम वेळेवर. तसा आमचा 62 चा आंकडा होता. कारकून कोणत्या दिवशीं कोसळेल तें वहींत लिहिलेलें नसतें.

आठवड्यानें आम्ही मोठ्या डॉक्टरांपुढें बसलों. सोबत पत्नी होती. डॉक्टरांनीं सर्व कागद पाहिले, बाजूला ठेवले, आणि तोच जिन्याचा प्रश्न विचारला. आम्हांस नवल वाटलें. लाखों रुपयांच्या यंत्रांनीं एवढें मोजल्यावर पुन्हां तोंडी परीक्षा कशाला? त्यावर त्यांनीं समजावून सांगितलें तें असें: न्यूयॉर्क हार्ट असोसिएशननें 1928 सालीं हृद्रोग्यांच्या चार पायऱ्या ठरविल्या, त्या कोणत्याही यंत्रावर आधारलेल्या नसून रोग्यानें दिलेल्या उत्तरावर आधारलेल्या आहेत. नेहमींच्या कामानें त्रास होत नाहीं तो पहिल्या पायरीवर. होतो तो दुसऱ्या. हलक्या कामानेंही होतो तो तिसऱ्या. आणि बसल्या जागीं होतो तो चौथ्या. आजही जगभर हींच चार नांवें चालतात. आमच्या विकारांत तर उत्तराचें महत्त्व विशेष. झडप अरुंद असून त्रास कांहींच नसेल, तर पुष्कळ वेळां सांभाळून वाट पाहतां येते. परंतु दम, छातींत दुखणें किंवा भोंवळ यांपैकीं एक जरी सुरू झालें, तर झडप न बदलल्यास पुढचें आयुष्य सरासरीनें दोन-तीन वर्षांचें उरतें.

‘‘म्हणून विचारतों,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘जिना चढतांना त्रास होतो का?’’

‘‘नाहीं,’’ आम्ही म्हणालों.

त्यांनीं कागदावर कांहीं लिहिलें. तेवढ्यांत पत्नी म्हणाली, ‘‘डॉक्टर, ह्यांना काय विचारतां? मला विचारा. पूर्वीं हे दर रविवारीं पर्वतीवर जायचे. आतां म्हणतात, वर गर्दी फार असते. मंडईंतून भाजी आणायचे. आतां कोपऱ्यावरच्या गाडीवरचीच ह्यांना ताजी वाटते. जिन्यांत नानांशीं बोलत उभे राहतात, आणि नाना गांवाला गेलेले असले तर त्यांच्या बंद दाराशीं चपलेचा पट्टा नीट करीत उभे राहतात. दिवाळीच्या आधीं बस पकडायला पळाले तेव्हां डोळ्यांपुढें अंधारी आली म्हणून खांब धरला. मला म्हणाले, ऊन फार आहे.’’

आम्ही रागावून तिच्याकडे पाहिलें. पण यांतला एकही शब्द खोडतां येईना. आम्ही डॉक्टरांशीं खोटें बोललों होतों काय? आमची अजूनही अशी समजूत आहे कीं, नाहीं. दम लागत नाहीं असें आम्हांस खरोखरच वाटत होतें. कारण दम लागेल असें कांहीं करावयाचेंच आम्हीं सोडून दिलें होतें. आणि तेंही एका दिवसांत नव्हे. पर्वती गेली, मंडई गेली, मग वेगानें चालणें गेलें. आणि प्रत्येकीच्या जागीं आम्हीं एकेक सबळ कारण ठेवलें. गर्दी, ऊन, ताजी भाजी, नानांचा दावा. माणूस आपल्या दुखण्याभोंवतीं आपलें आयुष्य कातरीत आणतो, आणि उरलेला तुकडा पाहून म्हणतो, ‘‘आमचें तर बरें चाललें आहे!’’ सर्वांत अधिक आम्हांस याचें वाटलें कीं, दोन वर्षें हें सारें ती पाहत होती व आम्ही समजत होतों कीं पाहण्यासारखें कांहीं नाहींच. तिनें आधीं कां सांगितलें नाहीं, असें आम्हीं घरीं येतांना रिक्षांत विचारलें. ती म्हणाली, ‘‘सांगितलें होतें. तुम्ही म्हणालांत, वय झालें.’’

डॉक्टरांनीं मात्र कागदावर लिहिलेला शब्द खोडला व त्याच्यावर दुसरा लिहिला. फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहण्याचा विचार होता, तोही रद्द झाला. त्रास असतांना या विकारांत तसें चालविणें धोक्याचेंच, असें ते म्हणाले.

शस्त्रक्रियेचें वर्णन आम्ही करीत नाहीं, कारण त्या वेळीं आम्ही हजर नसल्यासारखेच होतों. जनावरांच्या ऊतीची झडप कीं धातूची, असा प्रश्न होता. पहिली कालांतरानें झिजते, दुसरीसाठीं रक्त पातळ ठेवण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. आम्हीं दुसरी पत्करली. ती तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेंत सिद्ध झालेल्या धर्तीची आहे; तेथील पहिली झडप 1990 सालीं माणसाच्या हृदयांत बसविली गेली. आतां ठराविक दिवसांनीं रक्ताची तपासणी असते, आणि पालेभाजी एक दिवस पातेलेंभर व चार दिवस मुळींच नाहीं, असें चालत नाहीं. मोतीबिंदू अजून डोळ्यांतच आहे. रात्रीं सर्वत्र निजानीज झाली कीं छातींतून घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकूं येते. पहिले आठ दिवस तिच्यामुळें आम्हांस झोंप नव्हती. पत्नीला त्याच सुमारास दोन वर्षांत प्रथम गाढ झोंप लागूं लागली, असें ती सांगते.

तीन महिन्यांनीं आम्ही जिना एका दमांत चढलों. दुसऱ्या मजल्यावर नाना कठड्याशीं उभे होते. त्यांनीं दाव्याची नवी तारीख सांगण्यास सुरुवात केली, तोंवर आम्ही चार पायऱ्या वर गेलेले होतों. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पत्नीजवळ तक्रार केली कीं, ऑपरेशनपासून तुमच्या ह्यांचा स्वभाव बदलला. पूर्वीं कसे आपुलकीनें थांबत असत. हें ऐकून आम्ही ओशाळलों. हल्लीं मंगळवारीं व शुक्रवारीं आम्ही कठड्याशीं मुद्दाम थांबतों. दावा आतां वरच्या न्यायालयांत गेला आहे.