ओपन स्पेसमधला पोकळा

एरंडोलमध्ये कॉलनीच्या ओपन स्पेसवर भाजी लावा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, चारी बाजूंनी शेतं असताना आपण कशाला?" प्रश्न रास्त आहे. वांग्यापुरता तर अगदीच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते शेतकऱ्यानं पिकवावं, आपण भाजून खावं.

पालेभाजीचं तसं नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीला टेकतो तेव्हा जुडी तोडल्यापासून कढईत पडेपर्यंत तिच्यातलं क जीवनसत्त्व आणि फोलेट घटत जातं. गाडीवर पाणी मारून ती टवटवीत दिसते, एवढंच. मग भावही चढतो आणि ताटातून सगळ्यात आधी तीच जाते. आहारतज्ज्ञ म्हणून मी पेशंटचं रोजचं खाणं लिहून घेते. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा सगळं असतं. हिरवं पान म्हणाल तर हिवाळ्यातली मेथी.

देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. बागेनं तो बरा होईल असं मी म्हणणार नाही. पानांतलं लोह शरीर कमीच उचलतं; लिंबू पिळलं तर थोडं जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायचीच.

कोबी-फ्लॉवरच्या नादी मात्र लागू नका. पोकळा आपल्या उन्हाला जुमानत नाही आणि महिन्याभरात खुडायला येतो. अंबाडी लावा, कुंपणावर गिलकी चढवा, कोपऱ्यात शेवगा. शेवग्याच्या शेंगा आपण चोखून खातो आणि पाला शेळीला घालतो. त्यात शेळीचा फायदा जास्त.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्या गच्चीवरच बाग उभी केली. तिथल्याच ओल्या कचऱ्याची तिथेच माती झाली. त्यामागे श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. गोदीतल्या गच्चीवर जमलं, तर आपल्या काळ्या जमिनीवर का जमू नये? फक्त ती चिकट असते. पालापाचोळा भरपूर मिसळा. गटाराचं पाणी पालेभाजीला अजिबात नको. आरओचं सांडपाणीही रोज नको, त्यातले क्षार जमिनीत साठतात.

खरी भांडणं खुडण्यावरून होतात. म्हणून घरटी एक वाफा द्या; शेवगा तेवढा सामाईक. पोकळा मुळासकट उपटू नका, वीतभर खोड ठेवून खुडला की पुन्हा फुटतो. आणि मे महिन्यात निम्मी कॉलनी मामाच्या गावाला जाते, तेव्हा पाणी कोण घालणार हे एप्रिलमध्येच ठरवा.