शेवट माहीत असलेल्या गोष्टी

ती दोघं शेवटी एकत्र येतात. पुस्तक उघडण्याआधीच हे ठाऊक असतं. मुखपृष्ठावरच्या गुलाबी-पिवळ्या चित्रानंच ते कबूल करून टाकलेलं असतं. अमेरिकेत १९८० साली 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखकांची संघटना स्थापन झाली. तिच्या व्याख्येत प्रेमकादंबरीला दोनच अटी आहेत. कथेच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, उमेद देणारा हवा. बाकी गोष्ट प्रयोगशाळेत घडो, राजवाड्यात घडो की रुग्णालयात, कुणाची हरकत नाही. आणि नेमकं या दुसऱ्या अटीवरूनच या पुस्तकांपुढे नाकं मुरडली जातात. शेवट ठाऊक आहे तर वाचायचं काय, असं लोक विचारतात.

मराठी माणसानं हे विचारावं याचं मला नवल वाटतं. सीतास्वयंवराच्या आख्यानाला बसलेल्या बाईला धनुष्य कोण मोडणार हे कळत्या वयापासून माहीत असतं. तरी बुवांनी जनकाची काळजी रंगवायला घेतली की तिच्या जिवाची घालमेल होतेच. शेवटाची चिंता नसते म्हणून तर तिचं चित्त जनकापाशी थांबू शकतं. यंदाचा आषाढ मी बहुतेक इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांमध्ये घालवला. सगळ्या अलीकडच्या, गेल्या दहाएक वर्षांत लिहिल्या गेलेल्या. बाहेर पाऊस लागलेला आणि हातात एकामागून एक ही पुस्तकं. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. सुखाच्या शेवटाची हमी असते म्हणूनच या कादंबऱ्या मधल्या अंधारात बेधडक शिरतात, आणि आपणही त्यांच्या मागोमाग न घाबरता जातो.

बेथ ओ'लिअरीची 'द फ्लॅटशेअर' (२०१९) या महिन्यातली माझी सगळ्यात लाडकी. लंडनमधला एका बेडरूमचा फ्लॅट, आणि त्यात पलंग एकच. लिऑन हा शेवटच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारा नर्स, कायम रात्रपाळीवर. त्याचा भाऊ न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात आहे आणि वकिलाला द्यायला पैसे हवेत, म्हणून तो स्वतःचं घर रात्रीपुरतं आणि शनिवार-रविवारपुरतं भाड्यानं देतो. भाडं महिना ३५० पौंड. ते घेते टिफी, कारण प्रियकराच्या घरातून बाहेर पडल्यावर तिला तेवढंच परवडतं. पलंग तोच, पण झोपायच्या वेळा वेगळ्या. कितीतरी दिवस दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. बोलणं चालतं ते घरभर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून. आधी घरातल्या कामांबद्दल, मग उरलेल्या खाण्याबद्दल, मग तुरुंगातल्या भावाबद्दल. माणूस समोर नसताना त्याच्या वाट्याला येणारी ही कागदाची माया मला फार भावली. लेखिकेनं दोघांचा आवाजही किती जपून वेगळा ठेवला आहे! टिफीचं बोलणं धो धो वाहतं. लिऑनची प्रकरणं तुटक आहेत, त्यांतला 'मी' तर बहुतेकदा गाळलेलाच. रात्रभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःविषयी बोलायची सवयच राहिलेली नाही, हे तिनं एकदाही सांगितलेलं नाही. वाक्यंच ते सांगतात.

ओ'लिअरीचा जोडीदार डॉक्टर. त्याच्या रात्रपाळ्या असायच्या तेव्हा घरात तो दिसत नसे, त्याच्या वावराच्या खुणा तेवढ्या दिसत. त्यातून तिला ही कल्पना सुचली, आणि पुस्तक तिनं नोकरीला जाता-येता गाडीत बसून लिहिलं. विरार गाडीत भाजी निवडणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या बायकांमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे ही लेखिका मला आमच्याच डब्यातली वाटते.

पण हे पुस्तक नुसतं गोड नाही. टिफीचा आधीचा प्रियकर जस्टिन हात उगारणारा नव्हता. तो तिला एवढंच सांगत राही, की तुझ्या लक्षात राहत नाही, असं काही झालंच नव्हतं, तू फार विसरतेस. ऐकून ऐकून तिचा स्वतःच्या आठवणींवरचा विश्वास उडाला. हे आपल्याला कुणीतरी केलं आहे, एवढं उमगायलाच तिला बराच काळ लागतो. लिऑनच्या जवळ असताना ती जुनी भीती अंगात उठते, शरीर ताठ होतं. तो थांबतो. रुसत नाही, कारण विचारत नाही. मला तर साऱ्या चुंबनांपेक्षा हे थांबणं मोठं वाटलं.

त्या दिवसांत खुब्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे होती. रात्री तिला झोप लागत नसे. दिव्याच्या उजेडात मी वाचत असले की विचारायची, "काय चाललंय गं त्यांचं?" मग मी आदल्या रात्रीपासून पुढचं सांगायची. लिऑन तिला पहिल्यापासून आवडला. "रात्रपाळी करतो, तर मग जेवतो कधी तो?" हा तिचा पहिला प्रश्न. लिऑनकडे प्रायर नावाचे एक म्हातारे रुग्ण आहेत. लढाईत असताना त्यांचं जॉनी व्हाइट नावाच्या माणसावर प्रेम जडलं होतं, आणि लिऑन सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या जॉनी व्हाइटांची दारं ठोठावतो. हे सांगताना मी जरा अडखळले. आई म्हणाली, "अगं, मग सापडला का तो?" तिला बाकी कशाचं काहीच वाटलं नव्हतं. जस्टिनची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं म्हणणारे घरोघरी असतात. तू विसरतेस, तू विसरतेस म्हणतात, आणि आपल्यालाही तेच खरं वाटायला लागतं." कोण म्हणायचं, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत आमच्या दोघींत हा विषय निघालेला नव्हता. तो लंडनच्या एका फ्लॅटमधून आमच्या खोलीत आला.

टालिया हिबर्टच्या 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन' (२०१९) या कादंबरीतल्या क्लोईला फायब्रोमायल्जिया आहे. अंग सतत दुखतं, थकवा उतरत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. एकदा मोटारीखाली येता येता वाचल्यावर ती करायच्या गोष्टींची यादी बनवते. घर सोडून स्वतंत्र राहायचं, मोटरसायकलवर बसायचं, तंबूत रात्र काढायची. आजार शेवटी बरा होत नाही, आणि त्याबद्दल मी लेखिकेची मनापासून ऋणी आहे. प्रेम हे औषध असल्याचा खोटा दिलासा तिनं दिलेला नाही. नायक रेडच्या प्रेमानं एवढंच होतं, की दुखतंय हे क्लोईला लपवावं लागत नाही. हेलन होआंगच्या 'द किस कोशंट'मध्येही (२०१८) असाच जवळून पाहणारा नायक आहे. स्टेला ऑटिस्टिक आहे, आकड्यांत रमणारी आहे. टोचणारी शिवण तिच्या अंगाला सोसत नाही. आणि मायकल आहे कपडे शिवणारा! त्याला तिचं वेगळेपण समजावून सांगावं लागत नाही, कापडावरून हात फिरवतानाच ते त्याच्या ध्यानात येतं. या पुस्तकांत शृंगार मोकळा आहे, पानंच्या पानं आहे. त्यात बाईला काय हवं ते विचारलं जातं, तिचं उत्तर ऐकलं जातं. माझ्या पिढीच्या मुलींना हे विसाव्या वर्षी वाचायला मिळायला हवं होतं.

एमिली हेन्रीची दोन पुस्तकं लागोपाठ वाचली. 'बीच रीड'मधली (२०२०) जानेवारी प्रेमकथा लिहिणारी, आणि वडील गेल्यावर तिला कळतं की त्यांचं दुसरीकडे प्रेम होतं. मिशिगनमध्ये वडिलांच्या तळ्याकाठच्या घरात राहून तिला सुखाच्या शेवटाची गोष्ट लिहायची आहे. विश्वास उडालेल्या माणसानं विश्वासाबद्दल कसं लिहावं, हा त्या पुस्तकाचा खरा पेच आहे. 'बुक लव्हर्स' (२०२२) खुसखुशीत आहे, पण माझ्या मनात राहिलं ते त्यातलं दोघी बहिणींचं नातं. सोनाली देव यांची 'प्राइड, प्रेजुडिस अँड अदर फ्लेवर्स' (२०१९) मी उत्सुकतेनं घेतली, कारण लेखिका मुंबईत वाढलेल्या आणि नायिकेचं आडनाव राजे. जेन ऑस्टिनच्या दिमाखदार डार्सीची जागा इथं एका स्त्रीला दिली आहे: मेंदूची शस्त्रक्रिया करणारी, कॅलिफोर्नियातल्या बड्या घराण्यातली डॉक्टर त्रिशा राजे. नायक स्वयंपाकी आहे. त्याच्या चित्रकार बहिणीचा जीव त्रिशा वाचवू शकते, पण त्यात बहिणीचे डोळे जाणार आहेत. घराण्याचा मान, भावंडांमधले अबोले, आईबापांच्या न बोललेल्या अपेक्षा हे सगळं इतकं आपलं आहे, की इंग्रजी वाचतेय हे मी मध्येच विसरत होते.

सगळी पुस्तकं अशी नव्हती. काही अर्ध्यावर ठेवून दिली. पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ च्या आपल्या पुस्तकात प्रेमकादंबरीचे आठ घटक सांगितले आहेत, आणि त्यांत एक क्षण असा असतो की आता सगळं संपलं असं वाटावं. तो क्षण आतून यायला हवा. दोन समजूतदार माणसं साध्या गैरसमजावरून पन्नास पानं तोंड फिरवून बसतात, कारण लेखकाला तशी जागा भरायची असते, तेव्हा माझा संताप होतो.

ही पुस्तकं वाचणाऱ्या बायकांना हिणवणं मात्र मला सहन होत नाही. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स'मध्ये अमेरिकेतल्या एका गावच्या अशा वाचक बायकांना नीट बसवून विचारलं. पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आमचा असतो, असं त्या बायकांचं म्हणणं. आईच्या दुपारी मला आठवतात. लायब्ररीतून आणलेल्या कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, आणि त्याखाली चंद्रकांत काकोडकर. काकोडकरांच्या एका कथेवर तर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला आणि तुफान चालला. पण घरात काकोडकरांचं पुस्तक उशीखालीच राहायचं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. सुखाच्या शेवटाचं असं पुस्तक मला आज मराठीत हवं आहे. आपल्याकडे प्रेमाची गोष्ट मनात घर करते ती बहुधा ताटातुटीची. 'सैराट' (२०१६) पाहिलेल्या कुणालाच त्याचा शेवट विसरता येणार नाही. घर झालं, मूल झालं, आता सुटली पोरं असं वाटत असतानाच दारात माहेरची माणसं येतात. तो चित्रपट खरा आहे, म्हणून तर तो झोप उडवतो. पण जिथं प्रेम केल्याबद्दल पोरांचे जीव जातात, तिथं दोघं जगली, टिकली अशी गोष्ट कुणीतरी सगळ्या ताकदीनिशी लिहायला हवी. अशा मुलुखात सुखाचा शेवट हे स्वस्त काम नाही, त्याला फार मोठी हिंमत लागते.

मला दिसते ती कादंबरी. हिंजवडीजवळचा फ्लॅट, आधी आडनाव आणि मग गाव विचारणारा घरमालक. ती रात्री कंपनीच्या कॅबनं जाणारी, औशाकडची. तो रुग्णालयात ब्रदर, नंदुरबारचा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयातल्या फलकावर लागते. दोघांची नावं, पत्ते, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येतील अशी. गावातल्या कुणी तिचा फोटो काढून पाठवला तर? हे ३० दिवस हाच त्या कादंबरीचा गाभा. त्यात तिच्या थोरल्या बहिणीचा रात्री उशिरा येणारा फोन हवा, त्याच्या वडिलांचं मौन हवं, साक्षीला कोण येणार याची काळजी हवी. आणि शेवटच्या पानावर दोघं धडधाकट हवीत, भाड्याच्या घरात, गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर घ्यायचं यावरून कडाडून भांडत असलेली.