यंत्राचे कान

यंत्रांची हौस ही एक जडलेली व्याधी आहे, असें आमच्या घरांतील मंडळींचें मत आहे. आणि तें खोडून काढण्याच्या भरीस आम्ही कधीं पडत नाहीं. बंद पडलेलें घड्याळ उघडून बसावें, जुन्या रेडिओला पुन्हां कंठ फुटतो कीं काय तें पाहावें, घरांत नवा मोबाईल आला कीं त्याच्या साऱ्या खुब्या तपासाव्या, यांत आमचे सुटीचे दिवस जातात. राहावयास आम्ही भिवंडीस, नारपोलींत. म्हणजे यंत्रांच्या माहेरींच. उजाडल्यापासून यंत्रमागांचा खडखडाट कानीं पडतो, आणि वस्तीबाहेर जावें तों लांबच लांब गोदामें, ज्यांतून नाना देशींचीं उपकरणें खोक्यांत बसून मुंबईकडे निघतात.

या मागांकडे पाहून एक गोष्ट आम्हांस नेहमीं आठवते. फ्रान्समधील लियाँ शहरीं जॅकार्ड नामक कारागिरानें १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला कीं, भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कापडावर नक्षी आपोआप उठे. जेथें भोंक तेथें ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथें तो खालींच राही. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यांनीं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यांत तीच युक्ति घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतींत हॉलरिथ यांच्या यंत्रांनीं भोंकांच्या पुठ्ठ्यांवरून माणसें मोजलीं. आजचा संगणक ‘आहे’ आणि ‘नाहीं’ या दोनच शब्दांवर चालतो. ते त्यानें मागाजवळ बसून गिरविले, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. नारपोलीचे बहुतेक माग साधें कोरें कापड विणतात, तरी आमच्या खिशांतील मोबाईलशीं त्यांचें दूरचें कां होईना, नातें आहे. शेजारच्या एका कारखानदारांस आम्हीं हें मोठ्या उत्साहानें सांगितलें, तेव्हां “मग त्यानें सुताचा भाव उतरेल काय?” एवढेंच त्यांनीं विचारलें.

आमचें खरें कुतूहल मात्र लिहिणाऱ्या यंत्रांविषयीं. सव्वीस अक्षरांसाठीं घडविलेल्या यंत्रांत देवनागरी बसविणें म्हणजे एकत्र कुटुंब दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत बसविण्यासारखें होतें. टंकलेखनयंत्रावर जोडाक्षरें करावयाचीं तीं अर्ध्या अक्षरांचे तुकडे सांधून. १९९१ सालीं ‘युनिकोड’ नांवाची व्यवस्था आली आणि जगांतील लिप्यांच्या अक्षरांस एकेक क्रमांक मिळूं लागला; त्यांत देवनागरीही होती. तेव्हांपासून ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ एवढें सांगितलें कीं ‘क्ष’ यंत्रच घडवितें. परंतु मराठींत नित्य लागणारें ‘ॲ’ हें अक्षर त्या पंक्तींत नव्हतें. ‘अ’च्या डोक्यावर चंद्र ठेवून आम्ही वेळ मारून नेत होतों. त्या अक्षराला स्वतःचें पान मांडलें गेलें तें २००८ सालीं, म्हणजे सतरा वर्षांनीं. हिंदीचें त्यावांचून अडत नव्हतें. ती ‘ऐ’वर भागवीत असे.

इतकें झाल्यावर आतां लिहिण्याचेही श्रम नकोत, असें यंत्र आलें आहे. २०१७ सालापासून गूगलच्या मोबाईलवरील लेखनांत आपण मराठी बोलावें आणि त्यानें लिहून घ्यावें, अशी सोय झाली. आमच्या काकूंचें वय चौऱ्यांशी. दृष्टि मंदावल्यामुळें त्यांचा पत्रव्यवहार थांबला. त्यांचें राजापुराकडील माहेरचें घर पडून गेलें. तें जें कांहीं शिल्लक आहे, तें त्यांच्या बोलण्यांत. परदेशीं असलेल्या नातीसाठीं तें लिहून ठेवावें, असा बेत ठरला.

पहिली अडचण मागांची. मागांजवळ कामकरी हातांच्या खुणांनीं बोलतात. यंत्रास ती सोय नाहीं. खिडक्या लावून पाहिल्या, तरी खडखडाटांत काकूंचा बारीक आवाज बुडून जाई. अखेर माग सुटीस बंद असतात, त्या दुपारीं आम्ही बसूं लागलों. काकू बोलल्या, “आगोठीची बेगमी आमची आई चैत्रांतच सुरू करी.” यंत्रानें लिहिलें, ‘अंगठीची बेगमी’. आम्हीं वाचून दाखवितांच काकू म्हणाल्या, “अरे, कुठली अंगठी? आईच्या हातांत कांचेच्या बांगड्यांवांचून कांहीं नव्हतें!” गडी ‘इरलें पांघरून’ शेतांत जात, त्यांना यंत्रानें ‘हिरवें पांघरूण’ दिलें.

यांत हंसण्यासारखें पुष्कळ आहे. पण आम्हांस त्याची थोडी भीतिही वाटली. या यंत्रास आपल्यासारखे कान नाहींत. असंख्य लोकांचें बोलणें व लिहिणें त्यास आधींच पुरविलेलें असतें, आणि कानीं पडलेला ध्वनि त्यांतल्या कोणत्या शब्दाचा असावा, याचा तें अंदाज बांधतें. अर्थात् जे शब्द पुष्कळांच्या तोंडीं, तेच त्यास आधीं ऐकूं येतात. पावसाळ्याच्या तोंडाला ‘आगोठ’ म्हणणारीं माणसें उरलीं किती? शिवाय चूक अशी बेमालूम कीं, उद्यां त्या नातीनें ‘अंगठीची बेगमी’ वाचली, तर पणजीजवळ दागिने होते असेंच ती धरून चालेल.

म्हणून आतां आम्ही काकूंचा आवाजही मुद्रित करून ठेवतों, आणि यंत्रानें लिहिलेला मजकूर रात्रीं त्याच्याशीं ताडून हातानें दुरुस्त करतों. एका दुपारच्या बोलण्यास तीन रात्री लागतात. काकूंस मात्र यंत्राचा राग नाहीं. त्यांनीं आपली रीत बदलली आहे. तसा एखादा शब्द आला कीं त्या थांबतात, मोबाईल तोंडाजवळ धरतात, आणि नुकत्या बोलूं लागलेल्या मुलास शिकवावें तसें सावकाश म्हणतात, “आगोठ, बाळा. आ-गो-ठ.”