पॅटर्न कुणाचा, प्रोग्रॅम कुणाचा

कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि शिरोलीतल्या फौंड्रीवाल्यांना मी छोटे प्रोग्रॅम लिहून देतो. त्यांतला माझा लाडका जेमतेम चाळीस ओळींचा आहे. वितळलेल्या लोखंडाच्या सॅम्पलचा रिपोर्ट आला की कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरसचे आकडे त्यात भरायचे. सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा कार्बनमध्ये मिळवला की कार्बन इक्विव्हॅलंट निघतो. तो हवा त्यापेक्षा किती कमी-जास्त आहे ते पाहून, हीटमध्ये, म्हणजे भट्टीतल्या त्या खेपेत, काय आणि किती किलो टाकायचं ते प्रोग्रॅम सांगतो.

हे सूत्र कुणाच्याच मालकीचं नाही, पाठ्यपुस्तकांत आहे. पण ते ज्या ओळींत मी बसवलं, त्या ओळी माझ्या. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतींत मोडतो, आणि किमान इतक्या ओळी हव्यात अशी अट त्यात नाही.

‘‘पैसं मी दिलं न्हवं? मग प्रोग्रॅम माझाच की,’’ एक मालक म्हणाले. त्यांचं म्हणणं मला कळतं. ज्यावरून कास्टिंगचा साचा बनतो तो पॅटर्न वर्षानुवर्षं फौंड्रीच्या माळ्यावर पडून असला तरी असतो गिऱ्हाइकाचा. त्यावर दुसऱ्याचं कास्टिंग काढणं बेइमानी. कोडचा न्याय निराळा. पगारी माणसाने नोकरीत लिहिलेलं कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. बाहेरच्याने करून दिलेलं मात्र हक्क लेखी सोपवले नसतील तर लिहिणाऱ्याचंच राहतं.

मला माझं हे कोड मात्र सगळ्यांनाच द्यायचं होतं. नेटवर टाकलं की सगळ्यांचं झालं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि साफ चुकीचा आहे. परवाना नसलेलं कोड दिसतं, पण ते उचलून आपल्या कामात घालायचा हक्क मिळत नाही. म्हणून मी एमआयटी परवाना जोडला: वापरा, बदला, विका, फक्त कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर काढू नका. कसलीही हमी नाही, हेही त्यात स्पष्ट असतं. जिथे चुकीच्या आकड्याने अख्खी हीट वाया जाऊ शकते, तिथे हे कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

छोट्या प्रोग्रॅमलाही परवाना का हवा, त्याचं एक उदाहरण. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा प्रोग्रॅम त्याच्या लेखकाने नेटवरून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेली जगभरची हजारो कामं अडली. परवाना मोकळा होता, त्यामुळे तेच कोड काही तासांत परत ठेवता आलं.

कोल्हापुरात कोड लिहू लागलेल्या पोरांनो, प्रोग्रॅम दहा ओळींचा असला तरी शेजारी परवान्याची फाइल ठेवा, त्यात नाव आणि साल घाला. आणि गिऱ्हाइकाशी मालकीचं बोलणं काम सुरू करण्याआधी कागदावर आणा.