शिक्क्यांची वही घेऊन राळेगणसिद्धीला

अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने पाहायला निघालेली कुटुंबे पासपोर्टसारखी एक छोटी वही जवळ ठेवतात. ही पद्धत 1986 साली सुरू झाली. उद्यानात किंवा ऐतिहासिक स्थळी गेले की तिथले नाव आणि तारीख असलेला शिक्का वहीत उमटवायचा. जपानच्या बौद्ध विहारांतील चाल याहून पुष्कळ जुनी. तेथे वहीच्या पानावर लाल मुद्रा उठवतात व वर कुंचल्याने सुंदर अक्षरे लिहून देतात.

आपल्या मुलांनाही अशी वही करता येईल, आणि खिशाला चाटही बसणार नाही. पोस्टाच्या तारखेच्या शिक्क्यात त्या पोस्टाचे नाव असते. ज्या गावी जाऊ तेथून आपल्याच घरच्या पत्त्यावर मुलाच्या हाताने एक पोस्टकार्ड लिहवून टाकावे आणि शिक्का स्पष्ट मारा, अशी विनंती करावी. मात्र खेड्यातली पोस्टे दिवसभर उघडी नसतात आणि रविवारी बंद असतात, म्हणून कामाच्या दिवशी सकाळीच पोहोचावे.

पुण्याहून अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) एस.टी.त बसले की वहीचे पहिले पान कोणत्या गावाचे, हे आपल्या घरात सांगावे लागत नाही. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला बाबासाहेबांनी 1 जानेवारी 1927 रोजी भेट दिली. स्तंभावर कोरलेल्या नावांतली ‘नाक’ने संपणारी नावे मुलांना मोजायला लावा. पुढे शिरूर ओलांडून घोडनदीपलीकडे नगर जिल्हा लागतो आणि वाडेगव्हाण फाट्यावरून राळेगणसिद्धीला जाता येते.

पारनेर तालुक्यातले हे अवर्षणग्रस्त गाव. पाऊस वर्षाला साधारण 400 ते 500 मिलिमीटर. अण्णा हजारे 1975 साली लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले. गावकऱ्यांनी श्रमदानाने गळका पाझर तलाव दुरुस्त केला, नाल्यांवर बांध घातले, डोंगरउतारावर चर खोदले, झाडे लावली. विहिरींना पाणी आले. ही गोष्ट खरी आहे आणि ती मुलांना जरूर दाखवावी. वरच्या अंगाला चर, खाली बांध, त्याखाली विहीर असा पाण्याचा प्रवास पायी फिरून पाहिला तर पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर कळतो.

पण वहीत शिक्क्याखाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवावी आणि तेथे एक प्रश्न लिहावा : या गावात आपली माणसे कुठे आहेत? दलित कुटुंबांच्या डोक्यावरचे कर्ज गावाने त्यांच्या जमिनीत श्रमदान करून फेडले, त्यांची घरे बांधायला मदत केली, असे सांगतात. चांगलेच झाले. तरीही मदत घेणारा आणि निर्णय करणारा यांत फरक असतोच. गावाचा कारभार यादवबाबांच्या मंदिराभोवती उभा राहिला. मुकुल शर्मा या अभ्यासकाने 2012 च्या आपल्या पुस्तकात इथल्या दलितांच्या स्थानाविषयी परखड प्रश्न विचारले आहेत. चराईबंदीने डोंगर हिरवे झाले खरे, पण ज्याला बांधभरही जमीन नाही त्याच्या शेळीने कुठे जावे, हे विचारणे म्हणजे झाडांशी वैर नव्हे.

दारूबंदीचेही तसेच. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. दारूने आपल्या वस्त्यांची जी धूळधाण केली ती आपल्या माता-भगिनींना कोणी सांगायला नको. परंतु पंचशीलातले पाचवे शील माणूस स्वतःच्या तोंडाने ग्रहण करतो, पट्ट्याच्या धाकाने नव्हे. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते आणि राज्यघटनेत खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरला याबद्दल आनंद व्यक्त केला होता. मोठ्या मुलांना हे भाषण राळेगणला जाण्याआधी वाचून दाखवावे. नंतर बांध पाहताना ती आपणहून विचारू लागतात.

प्रश्न कोणावर डाफरून विचारू नयेत. वस्तीत जावे, जयभीम करावा, घरातल्या थोरांशी बसून बोलावे. विहिरीला पाणी आले तेव्हा तुमच्या वाट्याला काय आले, एवढे विचारले तरी पुरे. जे सांगतील ते मुलांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि नाव लिहू का, हे आधी विचारावे.

पोस्टकार्ड आपण परतल्यावर काही दिवसांनी घरी येते. ते शिक्का दिसेल असे त्याच पानावर चिकटवावे.