ओवी कुणाची?

मुलांनो, आमचं गाव जांब समर्थ. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदास स्वामींचा जन्म इथलाच, १६०८ सालच्या रामनवमीचा. त्यामुळे आमच्या शाळेतल्या पोरांना 'मनाचे श्लोक' शिकवावे लागत नाहीत. पहिलीत नाव घालायला येतात तेव्हाच निम्मे पाठ असतात. मला उलट म्हणावं लागतं, "अरे जरा दमानं म्हणा, एस.टी. सुटलीय का?"

मी चौथीला शिकवते. मागे एकदा वर्गात ओवी हा विषय चालला होता. मी सांगितलं, उद्या येताना घरच्या आजीला विचारून एकेक ओवी लिहून आणा. जात्यावरची, पाळण्याची, कोणतीही चालेल. दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. कुणाच्या ओवीत पंढरीचा विठ्ठल, कुणाच्या ओवीत बहिणीला न्यायला आलेला भाऊ, एकीच्या ओवीत तर सासूची मस्त टिंगल! त्यातच एक मुलगी उठली. तिचे वडील कामासाठी आमच्या भागात आलेले, ती जूनमध्येच शाळेत दाखल झालेली. तिनं आजीची ओवी गाऊन दाखवली. चाल अगदी जात्यावरचीच, पण ओवीत होती मरियामाय आणि गोठ्यात निजलेलं येशूबाळ.

वर्ग गप्प झाला. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, ही नाही चालत ना? ही तर त्यांची आहे."

पोरीनं वही मिटून दप्तरात टाकली.

"चालते की!" मी म्हटलं आणि तिची ओवी फळ्यावर लिहून घेतली. पण मुलांनो, नुसतं 'चालते' म्हणून भागत नाही. का चालते, ते सांगावं लागतं. पुढचे चार-सहा दिवस शेवटच्या तासाला मी वर्गाला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते. तुमचे आईबाबा शेजारी बसून वाचत असतील तर फारच उत्तम.

आमचे समर्थ जांबेत लहानाचे मोठे होत होते, आठ वर्षांचे असतील, तेव्हाची गोष्ट. इथून कितीतरी लांब, गोव्यात राशोल नावाच्या गावी एक जाडजूड पोथी छापून झाली. साल १६१६. पोथीचं नाव 'ख्रिस्तपुराण'. तिच्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि त्या सगळ्या मराठीत! लिहिणारा कोण? तर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री. १५७९ साली तो गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. इथली भाषा तो इतकी छान शिकला, की पोथीत त्यानं मराठीला फुलांतल्या मोगऱ्याची उपमा दिली. त्या काळी गोव्याच्या छापखान्यात आपल्या बाळबोध अक्षरांचे खिळे नव्हते. म्हणून ही मराठी पोथी छापली गेली रोमन लिपीत. कल्पना करा, ज्ञानेश्वरीसारखी ओवी आणि अक्षरं ए, बी, सी, डी!

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या काळात गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांनी देवळं पाडली, लोकांवर धर्मासाठी जबरदस्ती केली, जुन्या पोथ्या वाचायला बंदी घातली. 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीलाच नव्यानं ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीबाबाला विचारतो, की आमची पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं तरी काय? मला हा प्रश्न फार खरा वाटतो. माणसाला भाकरीसारखीच गोष्टही लागते, गाणंही लागतं. ते हिसकावून घेतलं की घर मुकं होतं. स्टीफन्सनं निदान एवढं ओळखलं, की या लोकांना द्यायचं ते त्यांच्याच ओवीत द्यावं लागेल.

आता तीनशे वर्षं पुढे या. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांना 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता पाठ असेल. पारध्यानं मारलेल्या पाखराची. ती लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातलं करजगाव. घर ब्राह्मणाचं, जिभेवर संस्कृत. एकदा नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा साहेब भेटला. दोघांच्या कवितेवर गप्पा रंगल्या, मग धर्मावर. उतरताना साहेबानं त्यांना एक पुस्तक दिलं, बायबलचा नवा करार. टिळकांनी ते वाचलं आणि पुढे १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाले.

घरात हलकल्लोळ झाला. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, जवळजवळ पाच वर्षं दोघांची ताटातूट. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण आपला धर्म, आपलं सोवळं सांभाळूनच. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच वाटू लागलं, की माणसानं माणसाचा विटाळ मानणं हे देवाला कसं आवडेल? १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. शाळेत न गेलेल्या या बाईनं पुढे 'स्मृतिचित्रे' हे आपल्या आयुष्याचं पुस्तक लिहिलं. थोडे मोठे झालात की जरूर वाचा. पानापानावर हसाल आणि मध्येच घसा दाटून येईल.

टिळक राहायला होते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. तिथल्या चर्चमध्ये तेव्हा गाणी असत ती बरीचशी इंग्रजी गीतांवरून बेतलेली आणि चालीही विलायती. खेड्यातला माणूस रविवारी देवळात येऊन बसायचा. शब्द मराठी ऐकू यायचे, पण पाय ताल धरेना, मान डोलेना. आता तुम्हीच सांगा, आषाढीला वारकऱ्यांनी पियानोवर अभंग म्हटले तर कसं वाटेल? तसंच ते.

टिळकांनी काय केलं? टाळ आणले, मृदंग आणला. ख्रिस्ताची भजनं लिहिली, तीही अभंगात. ख्रिस्ती कीर्तनं केली. आपण तुकाराम महाराजांच्या वाटेनंच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते उघड सांगत. त्यांची गीतं आजही मराठी चर्चमधून गायली जातात. 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्यही त्यांनी लिहायला घेतलं होतं. ते अपुरं राहिलं आणि १९१९ साली टिळक वारले. मग ते काव्य पुढे नेलं कुणी? लक्ष्मीबाईंनी! ज्यांना कागदावर अक्षर काढताना एके काळी घाम फुटायचा, त्यांनी.

अजून एक गंमत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. तिथे धरणगावकडचा सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्यानं अशी कविता म्हटली, की अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला नावच देऊन टाकलं, बालकवी. हो, तेच आपले त्र्यंबक बापूजी ठोमरे! टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी नेलं. बालकवी पुष्कळ दिवस टिळकांकडे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. घर ख्रिस्ती पाळकाचं, मुलगा हिंदू, आणि हिंदूच राहिला. एका चुलीवरचं जेवण आणि दिवसभर कवितेच्या गप्पा. टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात ते काही उगीच नाही.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली त्या दिवशी मागच्या रांगेतला तो पठ्ठ्या मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या डब्याभोवती घोटाळत होता. त्याला ओवीची चाल हवी होती. "लय भारी हाय, पण मधीच वर जाती आन मला जमंना," असं त्याचं म्हणणं. तिनं आधी नखरे केले, मग शिकवली.

आमच्या गावात चर्च नाही. म्हणून त्या वर्षीच्या नाताळात मी माझ्या दोन्ही लेकरांना घेऊन जालन्याला गेले. जालन्याची ख्रिस्ती वस्ती जुनी आहे बरं का! नारायण शेषाद्री नावाचे मराठी गृहस्थ १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी जालना भागात काम केलं. जालन्याजवळ बेथेल नावाचं नवं गावच वसवलं. १८९१ साली ते वारले.

चर्चच्या अंगणात मुलांची धांदल उडालेली. कामट्या आणि पतंगाचा कागद यांची भली मोठी चांदणी दारावर टांगलेली. गोठा केला होता तो आपल्या ज्वारीच्या कडब्याचा, आणि गव्हाणीच्या कडेला कुणीतरी चक्क सरकीच्या पेंडीचं पोतं ठेवलेलं! नाटकातल्या मेंढपाळांनी खांद्यावर घोंगडी टाकलेली, डोक्याला पटका. एक मेंढपाळ दुसऱ्याला म्हणतो, "आरं गड्या, उजेड कशाचा पडला म्हनायचा?" माझी धाकटी टाळ्या पिटायला लागली, "आई, हा तर आपल्या शिवारातला धनगरमामा!" मग भजन झालं. पेटी, तबला, टाळ. माझा पाय कधी ताल धरू लागला, कळलंच नाही.

मग पाळक मुलांशी बोलले. मोठं भाषण नाही. त्यांनी बायबलातली गोष्ट सांगितली. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला गेले, तेव्हा त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "आज आपल्या गल्लीत कुणाला दार उघडत नाही?" मला वाटलं, आता सगळे गप्प बसतील. पण मुलांनी पटापट सांगितलं. भंगार गोळा करणारी बाई. ऊसतोडीहून आलेली पोरं. एक मुलगा म्हणाला, "आमच्या वर्गातला एकजण. त्याच्याबरोबर कुणी डबा खात नाही." पाळकांनी त्यावर उपदेश केला नाही. "त्याला काय आवडतं खायला?" एवढंच विचारलं. मुलगा म्हणाला, "माहीत नाही." "मग आधी ते विचार," म्हणून ते पुढच्या मुलाकडे वळले. मी स्वतः शिक्षिका आहे, तरी सांगते, इतका चांगला गृहपाठ मला अजून देता आलेला नाही.

जाता जाता आमच्या समर्थांविषयी. अमेरिकेहून मुंबईला आलेले जस्टिन अॅबट नावाचे एक मिशनरी होते. स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'चं देवनागरीतलं हस्तलिखित लंडनमध्ये आहे. ते त्यांनीच अभ्यासकांच्या नजरेस आणलं. म्हातारपणी हेच अॅबट आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत आणत बसले होते. महिपतीबुवांनी लिहिलेलं रामदासांचं चरित्र त्यांनी इंग्रजीत केलं, ते १९३२ साली निघालं. त्याच्या आधी, १९२८ साली, अमेरिकन मराठी मिशनचेच विल्बर डेमिंग यांनी रामदास आणि रामदासी यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आपल्या जांबेचं नाव त्यात इंग्रजीत छापलेलं आहे.

वर्गात हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "मॅडम, त्यांनी जांब बरोबर लिहिलं का? का जांभ?" मी फळ्यावर इंग्रजी स्पेलिंग काढून दाखवलं. सगळा वर्ग ते वहीत उतरवून घेऊ लागला, आणि तेवढ्यात घंटा झाली.