उरलेला प्रत्यय

शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकलेल्या प्रत्येकाला 'बस' या शब्दाची कहाणी आवडावी. १८२९ साली जॉर्ज शिलिबियरनं लंडनमध्ये पॅडिंग्टनहून बँक ऑफ इंग्लंडकडे जाणारी घोड्यांची मोठी गाडी सुरू केली. तिचं नाव 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'सर्वांसाठी'. 'सर्व' हा अर्थ 'ऑम्नि'त. 'बस' हा नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. इंग्रजांनी रोजच्या घाईत शब्द टाकला आणि प्रत्यय ठेवला! आपण 'सर्वांना' मधलं 'सर्वां' गाळून नुसत्या 'ना'त चढून बसावं, तसं. तोच प्रत्यय आपल्याकडे आला. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. या आद्याक्षरांचीही गावोगाव 'यष्टी' झाली, आणि मला ती 'एसटी'पेक्षा गोड वाटते.

लेखक जोनाथन स्विफ्टला शब्दांची ही छाटाछाट सहन होत नसे. १७१०मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकातून त्यानं अशा तोकड्या शब्दांवर हल्ला चढवला. त्यात 'मॉब'ही होता. मूळ लॅटिन 'मोबिले व्हल्गुस', म्हणजे चंचल जमाव. स्विफ्टचं भाषेवरचं प्रेम अस्सल होतं, पण छाटलेल्या शब्दांत काय टिकून राहतं, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

'वोन्ट' घ्या. 'विल नॉट' जोडून हा 'ओ' कुठून येणार? तो 'विल'च्या 'वोल' या जुन्या रूपातला आहे. ते रूप एरवी मागे पडलं, या जोडून झालेल्या नकारात मात्र तग धरून राहिलं. त्याहून नवल ''एम'चं. सगळे त्याला 'देम'चं आखूड रूप समजतात. पण 'देम' उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आलेला. ''एम' हा इंग्रजीच्या स्वतःच्या जुन्या 'हेम'चा वंशज. पाहुणा ऐसपैस बसला, घरचा माणूस आखूड होऊन कोपऱ्यात जगला. मला तर हे आखूड शब्दच भाषेचं खरं दप्तर वाटतं.

'गुडबाय'मध्ये 'गॉड बी विथ यी' आहे, देव तुझ्यासोबत असो. 'गुड डे'च्या सहवासात 'गॉड'चं 'गुड' झालं. पुढे तेही गळून 'बाय' राहिलं: देव गेला, 'सोबत असो' उरलं. आपल्या मुली तेवढ्यावर भागवत नाहीत. दारातून निघताना म्हणतात, "बाय आई, येते हं!"